कोणी देश सोडून पळाला आणि आश्रय मागितला, तर बरोबर की चूक हे कसं ठरवायचं

बातमी येते की अमुक माणूस परदेशात पळाला, तिथे आश्रय मागितला, आणि इकडून प्रत्यार्पणाची मागणी गेली. की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो पळाला म्हणजे गुन्हेगारच, दुसरा म्हणतो सरकार सूड उगवतंय, आणि आपल्या पुण्यात तर सोसायटीच्या ग्रुपवर पाच मिनिटांत निकालसुद्धा लागतो. मला हे मनापासून खटकतं कारण ह्यावर कोणाचं तरी अख्खं आयुष्य टांगलेलं असतं. म्हणून मत बनवायच्या आधी काय काय बघायचं ते लिहिते.

पहिलं म्हणजे आश्रय आणि प्रत्यार्पण ह्यांची गल्लत करू नका. प्रत्यार्पण हा दोन सरकारांमधला व्यवहार, तुमचा आरोपी आमच्याकडे आहे, कागद दाखवा, कोर्टाला पटलं तर घेऊन जा. आश्रय मागतो तो माणूस स्वतः, आणि तो मिळायला नुसती भीती वाटून भागत नाही. 1951 च्या निर्वासित करारात पाच कारणं दिलीयेत, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटाचा असणं आणि राजकीय मत, ह्यातल्या एखाद्यामुळे छळ होईल अशी साधार भीती पाहिजे. आणि त्याच करारात हेही आहे की ज्याने आश्रयाला यायच्या आधी बाहेर गंभीर बिगर-राजकीय गुन्हा केलाय त्याला हे संरक्षण नाही. म्हणजे बँकेचे पैसे बुडवून गेलेल्या माणसाने ‘माझा छळ होतोय’ म्हटलं तर पहिला प्रश्न हाच, छळ कशासाठी, मतासाठी की हिशोबासाठी?

दुसरं, गुन्हा राजकीय आहे का ते बघा, आणि इथे आपल्याला लांब जायची गरज नाही. सावरकरांची फर्ग्युसनच्या होस्टेलमधली खोली अजून जपून ठेवलीये, पण मार्सेलिसच्या उडीच्या पुढे कोर्टात काय झालं हे फार कमी जणांना माहीत असतं. लंडनमध्ये पकडून खटल्यासाठी हिंदुस्थानात आणत होते, 8 जुलै 1910 ला मोरिया बोटीच्या पोर्टहोलमधून उडी मारली, पोहत फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले, तिथल्या फ्रेंच शिपायाने धरलं आणि परत बोटीवर नेऊन दिलं. फ्रान्स म्हणालं आमच्या भूमीवरून असा माणूस नेता येत नाही, परत द्या. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं आणि 24 फेब्रुवारी 1911 ला निकाल आला, की परत देण्यात अनियमितता झाली हे खरं, पण म्हणून ब्रिटनवर त्यांना फ्रान्सकडे सोपवायचं बंधन नाही. तोवर इकडे दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या. ह्या सगळ्यात सावरकरांचं स्वतःचं म्हणणं कोणी विचारलंच नाही, भांडण दोन देशांच्या मानाचं होतं. आणि प्रश्न सोपाही नव्हता बरं का, आरोपांत नाशिकचा कलेक्टर जॅक्सन ह्याच्या खुनाला मदत केल्याचाही आरोप होता, मग तो राजकीय गुन्हा की साधा खून? आज आपल्याच 1962 च्या प्रत्यार्पण कायद्यात कलम 31 आहे, राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी माणूस सोपवायचा नाही म्हणून, फक्त खून, दहशतवादी कृत्यं वगैरे गुन्हे त्यातून बाहेर काढलेत. ज्या कसोटीने आपण परदेशाकडून माणूस मागतो तीच कसोटी आपल्याकडे आलेल्याला लावायची तयारी ठेवा, नाहीतर मत न दिलेलं बरं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. परत गेल्यावर त्याचं काय होणार ते विचारा. 1989 मध्ये युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने सोअरिंग केसमध्ये सांगितलं की अमेरिकेत खुनाचा आरोप असलेल्या माणसालासुद्धा, फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षं झुरत बसायची पाळी येणार असेल, तर ब्रिटनने पाठवू नये. त्याने गुन्हा केला की नाही हा मुद्दाच नव्हता. म्हणून तर मल्ल्याच्या केसमध्ये आर्थर रोड जेलमधल्या बराक नंबर 12 चा व्हिडिओ लंडनच्या कोर्टात गेला, कोठडीत उजेड किती येतो, संडास कसा आहे, ह्यावर परदेशातले वकील भांडले. पुष्कळांना हा आपला अपमान वाटला. मला नाही वाटला. आपली जेलं कोणीतरी तपासली ह्यात वाईट काय? कोर्टाचं समाधान झालं आणि डिसेंबर 2018 मध्ये कोर्टाने पाठवायला हरकत नाही म्हटलं. अबू सालेमचंही बघा, पोर्तुगालने 2005 मध्ये सोपवला तो फाशी नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त कैद नाही ह्या हमीवर, आणि 2022 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं की दिलेला शब्द पाळावा लागेल. बॉम्बस्फोटाच्या आरोपीला दिलेला शब्दसुद्धा पाळायचा, कारण तो मोडला तर पुढच्या वेळी आपल्याला माणूस देणार कोण.

कोर्टाने नकार दिला तर कारण काय दिलं ते नीट वाचा, हेडलाइनवर जाऊ नका. अमेरिकेची गुप्त कागदपत्रं छापणाऱ्या विकिलीक्सचा ज्युलियन असांज 2012 पासून लंडनमधल्या इक्वेडोरच्या वकिलातीत राहिला. वकिलात म्हणजे परदेशी जमीन नव्हे, फक्त 1961 च्या व्हिएन्ना करारामुळे परवानगीशिवाय पोलिसांना आत शिरता येत नाही, एवढंच. इक्वेडोरने एप्रिल 2019 मध्ये आश्रय काढून घेतला, पोलिसांना आत घेतलं, आणि जामीन मोडल्याबद्दल त्याला 50 आठवड्यांची शिक्षा झाली. जानेवारी 2021 मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी त्याचं अमेरिकेकडे प्रत्यार्पण नाकारलं तेव्हा लोक पत्रकारितेचा विजय म्हणून नाचले, पण निकालात कारण होतं त्याची मानसिक अवस्था आणि आत्महत्येचा धोका, पत्रकारितेचे मुद्दे फेटाळले होते, आणि हा निकालही वर्षअखेरीला हायकोर्टाने फिरवला.

आता खरा अवघड प्रश्न, कायदा मोडणं कधी योग्य? आपल्याकडे पटकन गांधींचं नाव घेतात की त्यांनी पण कायदा मोडला. मोडला, पण पळाले नाहीत. मार्च 1922 मध्ये अहमदाबादच्या कोर्टात उभे राहून न्यायाधीशालाच म्हणाले की एकतर राजीनामा द्या नाहीतर मला कडक शिक्षा द्या, आणि सहा वर्षांची शिक्षा घेऊन आपल्या येरवड्यात आले. ह्यावरून कोणी म्हणेल की शिक्षा भोगायची तयारी असेल तरच कायदा मोडावा. मला हे अर्धंच पटतं. गांधींना निदान कोर्टात आपलं कारण बोलता आलं. अमेरिकन सरकारची गुप्त पाळत उघड करून देशाबाहेर गेलेला एडवर्ड स्नोडेन घ्या, त्याच्यावर ज्या कायद्याखाली आरोप आहेत त्यात ‘मी हे लोकांच्या हितासाठी केलं’ हा बचाव ज्यूरीपुढे मांडताच येत नाही. तो म्हणाला, हा बचाव मांडू द्या, मी परत येतो. जिथे कारण सांगायलाच बंदी आहे तिथे थांबून शिक्षा घे असं दुसऱ्याला सांगायचा हक्क मला तरी वाटत नाही.

दुसऱ्या बाजूने बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण डोळ्यासमोर ठेवा. घटनेचे मार्ग उघडे नव्हते तेव्हा बाकीच्या मार्गांचं बरंच समर्थन होतं, पण ते मार्ग उघडे असताना सत्याग्रहसुद्धा सोडायला हवा, असं ते स्पष्ट म्हणाले. म्हणून प्रत्येक केसमध्ये मी हेच विचारते, की ह्याच्यासाठी दार खरंच बंद होतं का? अपील, जामीन, वकील, मोकळा पेपर, काहीतरी होतं का? त्याने जे केलं ते उघड केलं की लपवलं? त्यातून फायदा कोणाचा झाला, लोकांचा की ह्याच्या खात्याचा? आणि न्याय्य सुनावणी मिळाली तर तो उभा राहायला तयार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्याने राजकारणाच्या कितीही गप्पा मारल्या तरी माझी सहानुभूती संपते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याने सीमा चोरून ओलांडली ह्याचं मला काही वाटत नाही, आणि 1951 च्या करारातलं कलम 31 पण तेच म्हणतं, जिवाच्या भीतीने थेट आलेला माणूस लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर झाला तर बेकायदा प्रवेशासाठी त्याला शिक्षा करू नये.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर ऑगस्ट 2021 आठवा, काबूल पडलं तेव्हा पुण्यात शिकणारी कितीतरी अफगाण मुलं अशीच अडकली होती. भारताने 1951 च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर ‘आश्रय मागितला की झालं’ असं सांगू नका. व्हिसा संपायच्या आधी पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी विभागात जायला लावा, मुदत उलटून गेल्यावर नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं ऑफिस दिल्लीला आहे, तिथे नोंदणी होते. मुलाखतीत काय घडलं तेच सांगायचं, एजंटने पढवलेली गोष्ट नाही, कारण एक खोटं सापडलं की बाकीचं खरंही कोणी ऐकत नाही. जुने कागद, धमकीचे मेसेज, घरच्यांचे फोटो, सगळ्याची एक कॉपी दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवायची. आणि वकिलाचे पैसे नसतील तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जाऊन आधी विचारायचं, आणि जमलं तर तुम्ही सोबत जा, एकट्याला पाठवू नका.