कोल्हापुरातनं ब्रह्मांड बघायचं असेल तर आधी बोट दाखवायला शिका

रात्री एक-दोन वाजेपर्यंत यूट्यूबवर ब्लॅक होल, डार्क मॅटर, मल्टिव्हर्स बघत बसणारी माणसं आपल्याकडं लई आहेत, मीपण त्यातलाच एक. पण त्यातल्या कुणालाही विचारा की बाबा तो ब्लॅक होल आहे कुठं, आत्ता आपल्या दारातनं बघितलं तर रंकाळ्याच्या बाजूला का सायबर चौकाच्या, तर गप्प. म्हणून माझा साधा नियम आहे, ज्या गूढाकडं बोट दाखवता येत नाही त्याचा नाद आधी करायचा नाही. पहिल्यांदा आकाशात त्याची जागा शोधायची, मग वाचायचं, मग व्हिडिओ. त्यासाठी सायन्सला असायची गरज नाही, मी स्वतः कॉमर्सवाला आहे.

आधी टेलिस्कोप घेऊ नका हो. ऑनलाइन बॉक्सवर "६७५ पट मोठं दिसेल" असं लिहिलेलं असतं ते बघून तर अजिबात नको, कारण टेलिस्कोपमध्ये बघायची ती भिंगाची किंवा आरशाची रुंदी, आणि त्या लहान भिंगाला एवढं मोठं करून दिसतो तो नुसता थरथरणारा धुरकट ठिपका. पहिले सहा महिने डोळे, एक वही, पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर (अमावस्या कधी ते बघायला) आणि मोबाईलवर स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप, बास. नंतर पैसे घालायचेच असतील तर ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची दुर्बीण (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये), दोन्ही डोळ्यांची.

जागा आणि वेळ

शहरातनं चंद्र, ग्रह आणि ठळक तारे दिसतात, आकाशगंगेचा पट्टा दिसणार नाही, त्यासाठी बाहेर पडावं लागतंय. पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठार, नाहीतर गगनबावडा, राधानगरीकडं आकाश चांगलं काळं मिळतं. पण राधानगरी-दाजीपूर म्हणजे गव्यांचं रान, जंगलाच्या हद्दीत रात्री शिरायचं नाही, आणि तेवढ्या लांब जायचीही गरज नाही, कुणातरी पाहुण्याचा मळा गाठा की. पायात बूट, हातात बॅटरी, बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटीन कागद रबरानं बांधायचा कारण डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक व्हॉट्सॲप उघडलं की ती सगळी पाण्यात. विहिरीला कठडा आहे का हे उजेडातच बघून ठेवा, मान वर करून चालताना खालचं भान राहत नाही. आणि मालकाला आधी सांगून ठेवा, रात्रीची लाईट असते तेव्हा मोटर सुरू करायला माणसं येतात आणि अंधारात कोणतरी उभं दिसलं की काठी घेऊनच येतात.

अमावस्येच्या आगेमागे पाच-सहा दिवस धरा. ऑक्टोबर ते मे हा आपला सीझन. हिवाळ्यात कधी पाचट पेटवल्याचा धूर पसरतो, तेवढं सोडलं तर झकास.

१६.७ हा आकडा पाठ करा

कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हा आकडा मात्र सोडू नका. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते, करंगळी एक अंश. आता उत्तरेला तोंड करा, क्षितिजापासून एक मूठ आणि वर पाऊण मूठ मोजा, तिथं मध्यम तेजाचा एकटा तारा दिसेल तो ध्रुव. तुम्ही जितक्या अक्षांशावर, ध्रुव क्षितिजाच्या तितकाच वर, म्हणजे नुसत्या मुठीनं तुम्ही आपलं गाव पृथ्वीवर कुठं आहे ते मोजलंत. (सप्तर्षीवरनं ध्रुव शोधा असं सगळे सांगतात, पण नोव्हेंबरात संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडं क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एम सारखा आकार शोधायचा.)

याच आकड्यावर कोल्हापूरच्या तीन गोष्टी टांगलेल्या आहेत आणि त्या तिन्ही वर्षभरात बघून घ्याच.

पहिली, शून्य सावली. मेच्या पहिल्या आठवड्यात, ६ तारखेच्या आसपास, सूर्य विषुववृत्ताच्या बरोब्बर तेवढाच उत्तरेला असतो, त्यामुळं दुपारी साडेबाराच्या सुमाराला तो थेट डोक्यावर येतो आणि टेरेसवर ओळंब्यात उभ्या केलेल्या पाईपची सावली पाईपच्या बुडातच जाते. बाराला नाही, साडेबाराला, कारण आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आणि आपण पार ७४ वर, पश्चिमेला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत हाच योग येतो पण तेव्हा सूर्य दिसला तर नशीब.

दुसरी, अंबाबाईचा किरणोत्सव. जानेवारी संपता संपता-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरात ९, १०, ११ ला मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जातात. वर्षातनं दोनदाच का? तर दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो, एकदा खाली जाताना आणि एकदा वर येताना, म्हणून दोन्ही वेळा तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो. हे पटत नसेल तर रंकाळा चौपाटीवर एक ठरलेली जागा धरा, महिन्यातनं एकदा तिथनं मावळतीचा फोटो काढा आणि सूर्य कुठल्या झाडामागं, कुठल्या बिल्डिंगमागं गेला ते वहीत लिहा. २१ जून ते २१ डिसेंबर या काळात मावळतीची जागा जवळजवळ पाच मुठी सरकते. पाच मुठी म्हणजे चेष्टा नाही, फोटो शेजारी शेजारी लावले की घरचे पण बघायला येतात.

तिसरी माझी सगळ्यात आवडती, खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचं छत मध्ये गोल उघडं आहे आणि त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र त्या गोलाच्या माथ्यावर येतो, हे सगळ्यांनी ऐकलंय, पण का येतो हे फार कमी जण सांगतात. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोब्बर समोर असतो. नोव्हेंबरात सूर्य १७ अंशाच्या आसपास दक्षिणेला, म्हणजे चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला, आणि खिद्रापूरचा अक्षांश पण १६.७! त्यामुळं मध्यरात्रीच्या सुमाराला चंद्र माथ्यावर. चंद्राची वाट पाच अंशांनी तिरकी असल्यानं एखाद्या वर्षी थोडा इकडं-तिकडं होतो, पण गणित हेच. किरणोत्सवाचा सूर्य आणि खिद्रापूरचा चंद्र ही एकाच हिशोबाची दोन टोकं आहेत आणि ती दोन्ही आपल्याच जिल्ह्यात, नाद खुळा.

आता गूढं

नोव्हेंबर-डिसेंबर, रात्री नऊ-दहा. उत्तरेला शर्मिष्ठेचा एम बघा, त्यातला जास्त टोकदार कोन बाणासारखा जिकडं रोखलाय तिकडं दुर्बीण फिरवा, अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांनीही एक फिकट लांबट डाग दिसतो. ती देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा मोठा समूह, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं लांब (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). हा डाग सापडला की मगच डार्क मॅटरचं वाचा, कारण व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये याच दीर्घिकेचा फिरण्याचा वेग मोजून छापला होता. कडेचे तारे मधल्यांपेक्षा बरेच हळू फिरायला पाहिजेत, तर ते जवळजवळ त्याच वेगानं फिरत होते, म्हणजे दिसतंय त्यापेक्षा वस्तुमान जास्त पाहिजे, पण ते दिसत तर नाही. आजच्या हिशोबात विश्वातलं जेमतेम ५ टक्के आपल्या ओळखीचं द्रव्य, २७ टक्के डार्क मॅटर आणि उरलेलं डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाचं पसरणं वेगात नेणारं जे काही आहे ते. तो डाग स्वतः बघितल्यावर हे आकडे अंगावर येतात, व्हिडिओत नुसते कानावरनं जातात.

जानेवारी-फेब्रुवारीत मृग. सरळ रेषेतले तीन तारे कुणालाही सापडतात, त्याच्या खांद्यावरचा तांबूस तारा काक्षी, २०१९ च्या शेवटी तो इतका फिका झाला होता की आता फुटतोय अशा बातम्या आल्या, निघालं काय तर त्यानंच बाहेर टाकलेली धूळ आडवी आली होती. फुटलेला तारा बघायचा तर वृषभाच्या दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाशी बोट न्या. १०५४ साली चिनी लोकांनी तिथं दिवसाही दिसणारा तारा नोंदवून ठेवलाय, त्याचा गाभा अजून सेकंदाला ३० गिरक्या घेतोय.

मेच्या मध्यावर मात्र रात्री साडेनऊला बाहेर पडाच. दक्षिणेला क्षितिजाच्या दीड मूठ वर त्रिशंकू या तारकासमूहाचा चिमुकला क्रॉस उभा असतो, दिल्लीवाल्यांना हा पूर्ण दिसतच नाही, आपल्याला आरामात, फक्त दक्षिणेला डोंगर नको. त्याच वेळी बरोबर डोक्यावर बघा, उत्तरा फाल्गुनी आणि कन्येतली विंडेमिॲट्रिक्स या दोन ताऱ्यांच्या मधोमध. काय दिसलं? काही नाही. तिथंच एम ८७ ही दीर्घिका आहे, १० एप्रिल २०१९ ला जगानं ब्लॅक होलचा पहिला फोटो बघितला तो तिथला, सुमारे ५.५ कोटी प्रकाशवर्षांवरचा, वजन साधारण ६५० कोटी सूर्यांएवढं. त्या मोकळ्या जागेकडं बोट करून शेजारच्याला हे सांगायचं, तो एकदा बोटाकडं बघतो, एकदा तुमच्याकडं.

आपल्या स्वतःच्या आकाशगंगेतला मोठा ब्लॅक होल धनू राशीत आहे. पाऊस उघडला की ऑक्टोबरात साडेसातच्या सुमाराला नैऋत्येला किटलीसारखा आकार दिसतो, किटलीच्या तोटीपासनं जरा पुढं बोट न्यायचं. ४० लाख सूर्यांचा माल, २६-२७ हजार प्रकाशवर्षं लांब, फोटो आला १२ मे २०२२ ला.

मधल्या काळात गुरू दिसत असेल तर दुर्बीण दाराच्या चौकटीला टेकवून धरा. ठिपक्याच्या दोन्ही अंगाला एका रेषेत बारीक कण दिसतात ते चंद्र. वहीत एक गोल काढायचा आणि चार टिंबं, आज डावीकडं तीन उजवीकडं एक, उद्या वेगळं, मध्येच एखादा गायब. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये हेच केलं होतं. सूर्याकडं दुर्बीण रोखायची नाही, कधीच नाही, पोरं आसपास असतील तर दिवसा दुर्बीण कपाटात कुलपात.

पावसाळा

७-८ जूनला मृग निघाला म्हणून पेरणीची गडबड सुरू होते, तेव्हा आकाशात मृग दिसतच नाही, कारण सूर्यच त्या नक्षत्रात जाऊन बसलेला असतो. हे चार महिने वाचायचे. जयंत नारळीकरांपासनं सुरू करा, जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा, मराठीत इतकं सोपं लिहिणारा शास्त्रज्ञ दुसरा दाखवा. गंमत म्हणजे बिग बँग, म्हणजे विश्व एका महास्फोटातनं सुरू झालं ही कल्पना, त्यांना शेवटपर्यंत मान्य नव्हता, इंग्लंडचे शास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी वेगळी मांडणी केली. १९६५ मध्ये सगळ्या दिशांनी येणारं थंड विकिरण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ बिग बँगकडं गेले, मलाही तीच बाजू पटते, पण दोन्हीकडचं वाचल्याशिवाय आपल्याला नक्की काय पटलंय हेच कळत नाही. व्हिडिओ बघायचेच तर "शास्त्रज्ञ हादरले" असं लिहिलेले सोडा, आणि कुठल्या दुर्बिणीनं, कधी, कशाकडं बघून हे कळलं ते जो सांगत नाही तोही सोडा.

एक ट्रिप मात्र ठरवून करा, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, आकाशातनं येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथं लोकांना आत सोडतात. तारीख आधी त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या, कोल्हापुरातनं पहाटेच निघा, आणि तिथं मोबाईल बंद ठेवायला सांगतात तेव्हा वाद घालू नका, आपल्या फोनच्या मानानं आकाशातनं येणारा सिग्नल काहीच नसतो.