ग्रॅव्हिटी स्मोकर: मिस्त्रीकडे जाण्याआधीची तयारी

स्मोकरचं, म्हणजे कोळशाच्या धुरावर मंद आचेवर मांस भाजायच्या पेटीचं, चित्र घेऊन फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "पत्रा किती जाडीचा लावू?" त्याचं उत्तर लगेच देऊ नका. सगळीकडे पाच मिलिमीटरची प्लेट लावली म्हणजे स्मोकर दणकट झाला, असं होत नाही. त्याने फक्त तो हलवायला चार माणसं लागतात. पत्र्यातला साधा स्मोकर आधी जिथे खराब होतो ती जागा वीतभर असते: जाळी आणि तिच्या आसपासच्या भिंती, जिथे विस्तव सतत बसून असतो. दुसरी दुखरी बाजू म्हणजे हवेच्या फटी. या दोन्हींचा हिशेब आधी कागदावर करा, पत्र्याचं नंतर बघू.

ग्रॅव्हिटी स्मोकरची रचना अमेरिकेतली. तिकडे जॉर्जिया राज्यातले कारागीर असे स्मोकर बरीच वर्षं बनवत आले आहेत, आणि मास्टरबिल्ट कंपनीच्या ग्रॅव्हिटी सिरीजमुळे परसात मांस भाजणाऱ्या हौशी मंडळींमध्ये ती चांगलीच पसरली. तत्त्व सोपं आहे. एक उभी चौकोनी नळी, म्हणजे हॉपर, कोळशाने भरायची. तळाशी जाळीवर विस्तव. एक छोटा पंखा खालून मोजकी हवा देतो. जळालेला कोळसा राख होऊन खाली पडतो आणि वरचा आपल्याच वजनाने खाली सरकतो. गरम वायू आणि धूर जाळीच्या लगेच वर बाजूला ठेवलेल्या खिडकीतून शेजारच्या चेंबरमध्ये जातो, जिथे मांस ठेवलेलं असतं. आपल्या तांब्याच्या बंबातही कोळसा वरून टाकतात, पण तिथे मधली नळी वर उघडी असते आणि धूर तिथूनच जातो. इथे नेमकं उलटं हवं. हॉपरचं झाकण घट्ट बंद असेल तरच विस्तव तळाशी राहतो. वर फट राहिली तर तोच हॉपर धुराडं होतो आणि सगळा कोळसा एकदम पेटतो.

आता मापं. हॉपर आतून २०० बाय २०० मिलिमीटर आणि ७०० मिलिमीटर उंच धरला तर २८ लिटर जागा होते. लाकडी कोळशाचा ढीग हलका असतो, त्यामुळे त्यात साधारण सहा किलो मावेल. भिंतीत इन्सुलेशन असलेल्या मध्यम चेंबरला ११० ते १२० अंश सेल्सिअस राखायला तासाला अर्धा किलो धरून चला, म्हणजे रात्रभराची सोय झाली. मटणाची रान त्याच्या निम्म्या वेळात होते. पोर्कचा खांदा करणार असाल तर मात्र ही सगळी उंची कामाला येते. नळी १५० मिलिमीटरपेक्षा अरुंद करू नका. आपल्याकडचा बाभळीचा कोळसा गोणीतून लांबट, वेड्यावाकड्या तुकड्यांत येतो. असे दोन तुकडे आडवे अडकले की वरचा सगळा ढीग कमानीसारखा तोलून राहतो, खालचा विस्तव उपाशी विझतो आणि पहाटे तीनला पंखा सांभाळणारा कंट्रोलर बोंबलायला लागतो. त्यासाठी नळी खाली किंचित रुंद ठेवायला सांगा, वर २०० तर तळाशी २१०. आतल्या बाजूला वेल्डिंगची शिवण राहिली तर ती ग्राइंडरने सपाट करून घ्या. आणि कोळसा भरण्याआधी मुठीपेक्षा मोठे तुकडे फोडा, भुगा चाळून काढा.

विस्तवाच्या जागेसाठी फायर ब्रिक, म्हणजे भट्टीची वीट, मागवा. मानक वीट २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटर असते आणि वजनाला चार किलोच्या आसपास. विटा उभ्या लावल्या तर एकाच थरात २३० मिलिमीटर उंची मिळते, आणि विस्तवाचा कडक भाग तेवढ्यातच असतो. कापाकापी धरून दहा-बारा विटा लागतील. विटांच्या मागे २५ मिलिमीटरचं सिरॅमिक वूल, म्हणजे उष्णता अडवणारी लोकर, घाला. म्हणजे बाहेरच्या खोक्याचं माप आलं: तळाचे २१० अधिक दोन्हीकडच्या विटा १५० अधिक दोन्हीकडचं वूल ५०, एकूण ४१० मिलिमीटर. हे गणित मिस्त्रीला आधी दाखवा, कारण तो नळीच्या मापावरच पत्रा कापून बसला तर विटा घालायला जागाच उरत नाही. हलक्या, सच्छिद्र इन्सुलेशन विटांचा मोह टाळा. उष्णता त्या छान अडवतात, पण कोळशाच्या घासण्याने आणि सळईच्या टोचण्याने झिजून जातात. साधी लाल वीटही नको. विटा फायर क्लेच्या पातळ थरावर बसवा. बांधकामाचं सिमेंट या तापमानाला टिकत नाही, भुसभुशीत होऊन सुटतं. माझं मत विचाराल तर विटा अजिबात पक्क्या जोडू नयेत. एक तडकली तर तेवढीच उपसून बदलता आली पाहिजे, आणि त्यासाठी पुढची बाजू बोल्टवर उघडणारी हवी.

जाळीचंही तसंच. १२ किंवा १६ मिलिमीटरच्या चौकोनी सळ्या घ्या, शक्यतो ३०४ स्टेनलेसच्या. साध्या लोखंडाच्या लवकर पापुद्रे धरतात आणि वाकतात. त्या फ्रेमला दोन्ही टोकांना वेल्ड करू देऊ नका. ३०० मिलिमीटरची सळई सहाशे अंशांनी तापली की जवळपास दोन मिलिमीटर लांब होते (साधं लोखंड धरून; स्टेनलेस आणखी जास्त). तिला जायला जागा नसेल तर ती फुगून वर येते किंवा वेल्ड तोडते. दोन्हीकडे खाचा असलेली पट्टी ठेवा, सळ्या नुसत्या त्यात बसवा, टोकांना चार-पाच मिलिमीटर मोकळे. सळ्यांमध्ये १२ ते १५ मिलिमीटर अंतर पुरे. एक जादा संच आत्ताच कापून घ्या. दुकानात पुन्हा जायला कोणाला वेळ असतो? चेंबरकडच्या खिडकीलाही दोन-तीन उभ्या सळ्या हव्यात, नाहीतर निखारे गडगडत पलीकडे येतील.

सामान आणताना एक गोष्ट कडक पाळा: आगीच्या किंवा अन्नाच्या बाजूला जस्ताचा मुलामा असलेलं काहीही नको. जीआय पत्रा नको, जीआय पाईप नको, चकचकीत पांढरे नट-बोल्टही नकोत. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि वेल्डिंगच्या वेळी त्याचा पांढरा धूर श्वासात गेला तर थंडी वाजून ताप भरतो. भंगारातला स्वस्त डक्ट बघून मन डळमळतं, पण तो बाहेरच्या आवरणालासुद्धा वेल्ड न करता रिव्हेटने लावायचा असेल तरच घ्या.

हवेच्या बाबतीत कंजूषपणा करू नका. झाकण, राखेचा दरवाजा आणि चेंबरचा दरवाजा, तिन्हींना गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, लागेल. पहिल्या दोन्हींना बॉयलरवाल्यांकडे मिळणारी १० किंवा १२ मिलिमीटरची ग्लास फायबर दोरी. चेंबरच्या दरवाजाला फूड ग्रेड सिलिकॉन चालतं, कारण तिथे तापमान सौम्य असतं. दोरी नुसती चिकटवायची नाही, तिला बसायला खाच हवी आणि दाबायला ओढून बसणारी कडी हवी. पंखा १२ व्होल्टचा छोटा ब्लोअर घ्या, त्यासोबत के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लागणारा कंट्रोलर. ब्लोअर थेट भट्टीला चिकटवू नका, वीतभर पाईप मध्ये ठेवा. पंखा थांबला की आपोआप पडून बंद होईल अशी हलकी झडप त्या पाईपमध्ये हवीच, नाहीतर पंखा बंद असतानाही हवा खेचली जाते आणि तापमान चढत राहतं. हे १२ व्होल्टचं मी उगाच म्हणत नाही. रात्री वीज गेली तर मोटारसायकलच्या बॅटरीवरही तो फिरतो.

याशिवाय दोन सरकत्या पट्ट्या करून घ्या, एक हवेच्या पाईपवर आणि एक भट्टी व चेंबरच्या मधल्या खिडकीवर. काम झालं की दोन्ही बंद करायच्या, विस्तव गुदमरतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळेला वाचतो. चालू असताना हॉपरमध्ये भर घालायची असेल तर आधी पंखा बंद, मग झाकण बोटभर उचलून थांबा, तोंड बाजूला ठेवा, मगच पूर्ण उघडा. आत कार्बन मोनॉक्साइड साठलेला असतो. एकदम हवा मिळाली की तो भपकन पेटतो आणि भुवया जातात. हाच वायू बंद जागेत जीव घेतो, त्याला वासही नसतो. त्यामुळे स्मोकरची जागा उघड्यावरची. बंद गॅरेज नाही, काचा लावलेली बाल्कनी नाही, आणि विझवल्यावर लगेच आत ढकलणंही नाही.

चेंबरचं काम तुलनेने सरळ. आतून दोन मिलिमीटरचा पत्रा, बाहेरून त्याहून पातळ, मध्ये ५० मिलिमीटर रॉकवूल. जाड प्लेट घ्यायचीच असेल तर ती इथे एकाच ठिकाणी घ्या: गरम वायू जिथून आत येतो त्याच्या वर आडवी, पाच मिलिमीटरची, उचलून काढता येईल अशी. चरबी थेट त्या वाटेत पडली तर आग लागते, म्हणून तिच्यावर उताराचा ट्रे आणि बाहेर टांगलेली बादली. दरवाजा वेल्डिंगमध्ये पिळतो ही सगळ्यांची तक्रार. मिस्त्रीला सांगा की आधी सगळीकडे टाके मारायचे, मग समोरासमोर थोडं थोडं वेल्ड करायचं, आणि बिजागऱ्या दरवाजा बंद ठेवूनच लावायच्या. आतून रंग नाही, खाद्यतेलाचा हात पुरे. बाहेरून उष्णतारोधक रंग.

वजन दीडशे किलोच्या पुढे जाणार. चाकं निवडताना एकूण वजनाचा तिसरा भाग प्रत्येक चाक पेलेल अशी घ्या, कारण ओबडधोबड फरशीवर चारपैकी तीनच टेकतात.

सिरॅमिक वूल कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. ते दोन पत्र्यांच्या किंवा वीट-पत्र्याच्या मध्ये बंद राहिलं पाहिजे, हवेच्या वाटेत उघडं नको. धुरासाठी आंबा किंवा पेरूचं सुकं लाकूड आत्ताच कापून ठेवा. सुताराकडचे तुकडे नकोत, त्यात प्लायवूड आणि पॉलिश असतं.

मांस आणण्याआधी दोन चाचण्या. पहिली थंड: पंखा चालू करून सगळ्या सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरतो तिथे गळती आहे. दुसरी गरम: फायर क्ले एक दिवस नुसतं वाळू द्या, मग मूठभर कोळशावर तासभर मंद, मग हळूहळू वाढवत नेहमीच्या तापमानापर्यंत. एकदम तापवलं तर ओलाव्याची वाफ होऊन सांधे उडतात. त्याच दिवशी शेवटी पट्ट्या बंद करा आणि दुसऱ्या सकाळी हॉपर उघडून पाहा. कोळसा जवळजवळ तेवढाच उरला असेल तर गॅस्केट बरोबर बसलंय. राखच राख दिसली तर आधी झाकणाची कडी तपासा, मग राखेचा दरवाजा, आणि राख पूर्ण गार झाली असेल तरच काढा. पावसाळ्यात ती आत मुळीच ठेवू नका, ओली राख पत्रा खाते.