भाचीचा लॉ स्कूलचा अर्ज

माझ्या नवऱ्याचं माहेर, म्हणजे सासर हो माझं, अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओचं मेक्सिकन कुटुंब. भाचीच्या अर्जात दोन वर्षं लुडबूड केली, त्यातून शिकले ते सांगते.

लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा म्हणजे एलसॅट, ती घेणारी संस्था एलसॅक. आधी एलसॅकची फी-माफी मागा, मगच एलसॅटला नाव नोंदवा. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. माफी मिळाली की बरीच लॉ स्कूल्स आपलीही अर्ज-फी सोडतात. एलसॅटचे गुण १२० ते १८० मध्ये मिळतात. ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा भाग गेलाय, तेव्हा जुनी पुस्तकं रद्दीत.

खरी मेहनत निबंधाची. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या जून २०२३ च्या निकालानंतर 'लॅटिनो' (लॅटिन अमेरिकी वंशाचे) या रकान्यावर खूण केली म्हणून प्रवेशात वजन मिळत नाही. पण त्या ओळखीनं आयुष्यात काय घडवलं ते लिहिता येतं. भाचीचा पहिला मसुदा 'मला न्यायाची ओढ आहे' असा. मी काट मारली. मग तिनं सांगितलं: नऊ वर्षांची असताना आजीच्या दारावर घर रिकामं करायची नोटीस चिकटली होती. हिनं 'व्हेकेट' वाचून स्पॅनिशमध्ये सांगितलं, "आजी, तीन दिवस सुट्टी!" आजी खूश होऊन पिठाच्या हातानं तमाले (मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ) वळत बसली. म्हटलं, बाई गं, हेच लिही!

आणि शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) एखादा विषय केला असेल, तर तिथलीही गुणपत्रिका लागते. आमची फाइल त्यापायी तीन आठवडे अडली. अर्ज येतील तसे प्रवेश देत जातात, म्हणून नोव्हेंबरच्या आत पाठवा.