साथ येण्याआधीची कामं : यादी, लसीचा डबा, क्लोरीन आणि पाण्याची भांडी

एखाद्या भागातलं रोगप्रतिबंधाचं काम किती पक्कं आहे हे पाहायचं असेल, तर आधी गोवराकडे बघावं. प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकवस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. त्यामुळे लसीकरणात जिथे फट असेल तिथे सगळ्यात आधी गोवरच शिरतो. त्याला थोपवायला साधारण ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. हा आकडा प्रत्येक वस्तीचा हवा, नुसत्या सरासरीचा नको. ९५ टक्के सरासरीच्या पोटात ६० टक्क्यांची एखादी वस्ती सहज लपून राहते.

यादी

म्हणून पहिलं काम यादीचं, आणि ती दवाखान्यात बसून होत नाही. घरोघर जाऊन पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची जन्मतारीख, मिळालेल्या प्रत्येक डोसची तारीख आणि डोस चुकला असेल तर त्याचं कारण लिहायचं. हंगामी कामाला आलेली कुटुंबं, जन्मनोंदणी नसलेली मुलं, दोन हद्दींच्या मधली घरं ही हमखास सुटतात, आणि साथ बहुधा तिथूनच सुरू होते. लसीकरण १०० टक्क्यांच्या वर दिसलं तर खूश होऊ नका. एकूण मुलांचा आकडाच चुकलेला असतो.

यादी हातात आली की एक साधं गणित करा. तीन डोसांची जी लस असेल तिच्या पहिल्या डोसला आलेल्या मुलांतून तिसऱ्या डोसला आलेली वजा करा आणि पहिल्याच्या संख्येने भागा. गळती १० टक्क्यांहून जास्त निघाली, तर लोक येतात पण परतत नाहीत. तेव्हा सत्राची वेळ, रांग, संपलेला साठा आणि कर्मचाऱ्यांची वागणूक तपासा. पहिलाच डोस कमी असेल तर दुखणं वेगळं आहे. सत्र लांब आहे, किंवा लसीबद्दल शंका आहे. पहिल्या दुखण्यावर जनजागृतीचे फलक लावून काही होत नाही. तरी सगळीकडे आधी फलकच लागतात.

दुसरं गणित गोवरापासून सुरक्षित न झालेल्या मुलांच्या साठ्याचं. वर्षाला १०० मुलं जन्मत असतील, त्यातल्या ८० जणांना नवव्या महिन्यात गोवराचा एक डोस मिळत असेल आणि तो साधारण ८५ टक्के मुलांत लागू पडत असेल, तर सुरक्षित झाली ६८. उरली ३२. तीन वर्षांत हा साठा ९६ वर जातो, म्हणजे जवळपास एका वर्षाच्या जन्मांइतका. तिथवर पोहोचण्याआधी सर्व मुलांची जादा मोहीम घ्यावी लागते. दुसरा डोस यासाठीच आहे. पहिला लागू न पडलेल्यांना आणि पहिला चुकलेल्यांना तो गाठतो.

लसीचा डबा

लस साठवायचं तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस. लोक उष्णतेला घाबरतात, पण गोठण्यानेही तितकंच नुकसान होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), कावीळ बी आणि धनुर्वाताच्या लसी गोठल्या की निकामी होतात. याचं नेहमीचं कारण म्हणजे फ्रीजरमधून काढलेले आईसपॅक थेट डब्यात भरणं. ते आधी बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला आणि वरून पाणी सुटलं की मगच कुप्यांशेजारी लावा.

कुपी गोठली असावी अशी शंका आली तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवून वितळवा. मग दोन्ही एकत्र हलवून सपाट जागी ठेवा आणि ३० मिनिटांपर्यंत गाळ बसताना पाहा. संशयित कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतकाच किंवा तिच्याहून झटपट बसला, तर ती फेकायची. उष्णतेसाठी कुपीवरची खूण बघा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेपर्यंत लस चालते. रंग सारखा झाला किंवा गडद झाला की ती बाद. ही खूण गोठण्याबद्दल मात्र काहीच सांगत नाही.

गोवर आणि बीसीजीची पूड त्यांच्याच द्रावकाने विरघळवा. द्रावक आधी थंड केलेला हवा. तयार लस सहा तासांनी किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्या. या कुप्यांत जंतू वाढू न देणारा घटक नसतो. उरलेली लस दुसऱ्या दिवशी वापरल्याने मुलं दगावलेली आहेत, त्यामुळे इथे काटकसर नको.

क्लोरीन

पटकी, हगवण, विषमज्वर यांचा रस्ता पाण्यातून जातो. १ टक्का क्लोरीनचं द्रावण करायचं तर ३० टक्के क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचे ३३ ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळा. गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, झाकणाचं. धातूचं नको. पावडर ओलाव्यात आणि उन्हात शक्ती गमावते, म्हणून जुनं पोतं असेल तर पिशवीवरच्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. आम्लाच्या क्लीनरमध्ये ती कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

किती घालायचं हे पाणीच सांगतं. चार बादल्यांत २०-२० लिटर तेच पाणी घ्या आणि त्यात अनुक्रमे १, २, ३ आणि ४ मि.लि. द्रावण टाका. ढवळून ३० मिनिटं थांबा आणि टेस्ट किटने उरलेलं मुक्त क्लोरीन मोजा. जिथे ते प्रतिलिटर ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास निघेल ते प्रमाण धरा. समजा २ मि.लि. जमलं, तर १००० लिटरच्या टाकीला १०० मि.लि. लागेल. चौथ्या बादलीतही काहीच उरलं नाही, तर पाणी बहुधा गढूळ आहे. आधी निवळवा किंवा गाळा, मग पुन्हा मोजा.

चूक होते ती मोजण्याच्या जागेत. टाकीपाशी आकडा छान येतो. शेवटच्या नळाला आणि घरातल्या पिंपात काय उरतं ते बघा. तिथे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. पाणी घरात आल्यावर हात बुडाले की सगळी मेहनत वाया जाते, म्हणून तोटीचं किंवा अरुंद तोंडाचं भांडं वापरा. क्रिप्टोस्पोरिडियम या जंतूवर क्लोरीन चालत नाही, त्याला उकळणंच लागतं.

भांडी

डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात ते दहा दिवस घेतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळायचा. पाणी ओतून दिलं तरी काठाला चिकटलेली अंडी महिनोन् महिने तग धरतात. भांडं आतून घासायलाच हवं. धूर फवारणीने उडते डास मरतात, अळ्या नाहीत.

पहिला रुग्ण दिसल्यावर

ताप आणि पुरळ दिसलं की त्याच दिवशी कळवा, तपासणीच्या निकालाची वाट पाहू नका. रुग्ण नसेल तर दर आठवड्याला 'शून्य' असं लिहून पाठवा. अहवालच आला नाही, तर तिथे रुग्ण नाहीत की कोणी पाहिलंच नाही हे कळत नाही. देवीच्या निर्मूलनात याच शोधाने काम तडीस गेलं. रुग्ण हुडकायचा आणि त्याच्या भोवतालच्यांना लस टोचायची. नैसर्गिक देवीचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं.

गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस संसर्ग देतो. त्या आठ-नऊ दिवसांतल्या भेटींची नावं लिहून घ्या. संपर्कात आलेल्यांना, लस चालत असेल तर, ७२ तासांच्या आत ती द्या. आणि आजारी पडलेल्या प्रत्येक मुलाचं नाव घरोघरच्या यादीत शोधा. तिथे नसेल तर त्या गल्लीतली घरं पुन्हा मोजायला घ्या.