इंग्लंडच्या शांत गल्लीत राहायला आलात? आधी बिनचा वार शोधा

आमची आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत चहा घेऊन बसली आणि तासाभराने विचारलं, "इथे माणसं राहतात ना गं?" लोअर अर्ली, रेडिंगच्या बाजूला, लाल विटांची घरं, रस्ते सगळे वळणावळणाचे आणि शेवटी बंद होणारे, बहुतेक सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून पुढे बांधलेले. माणसं भरपूर राहतात, फक्त दिसत नाहीत. मला इथे सात वर्षं झाली, आणि दर सप्टेंबरात कोणी ना कोणी नवीन पुण्याहून नाहीतर नाशकाहून येतं आणि तेच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

सगळ्यात आधी तुमची काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, कुठली ते बघा. हसू नका. आमच्या पत्त्यात रेडिंग लिहिलंय पण काउन्सिल वोकिंगहॅमची आहे, आणि हे मला माहीतच नव्हतं, त्यामुळे रेडिंगमधल्या एका मित्राला बिनचा, म्हणजे कचरा उचलायचा, वार विचारला आणि त्याच्या वाराला आमचा कचरा बाहेर ठेवला. दिवसभर अख्ख्या गल्लीत एकच बिन, आमची. कोणी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी परत आले तर बिन गेटच्या आत नीट सरकवून ठेवलेली! तो टोमणा होता की मदत, हे मला अजून कळलेलं नाही. तर सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाका, काउन्सिल कळेल, मग तिच्या साइटवर बिनचं कॅलेंडर मिळेल, ते फ्रिजवर लावा. कुठल्या आठवड्यात कुठली बिन हे प्रत्येक काउन्सिलचं वेगळं असतं त्यामुळे लंडनच्या भावाचं ऐकू नका. बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) असला की वार बऱ्याचदा एक दिवस पुढे जातो, तेव्हा आदल्या रात्री खिडकीतून बघायचं, समोरच्यांनी काय काढलंय तेच काढायचं. तेलकट पिझ्झा बॉक्स रिसायकलिंगमध्ये नको, आणि रिकामी बिन त्याच संध्याकाळी आत घ्या. दोन दिवस फुटपाथवर राहिली की लोक बोलत नाहीत, पण बघतात.

काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, पण तेव्हाच उरका. भाडेकरूलाच भरावा लागतो, घरमालक भरत नाही (काही शेअर्ड घरं सोडून), आणि घराचा बँड (टॅक्सचा गट) ठरतो १ एप्रिल १९९१ ला त्या घराची किंमत काय असती त्यावरून, हो, १९९१. एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट आहे पण मागावी लागते. आणि जीपीकडे, म्हणजे जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाला, आजारी पडायची वाट बघू नका.

आता आवाज. आपल्याला वाटतं आपण काय गोंधळ घालतो, पण सेमी-डिटॅच्ड घर म्हणजे एक भिंत शेजाऱ्याची आणि आपली मिळून असते, त्या भिंतीला लागून ओट्यावर सकाळी सहाला मिक्सर लावला की तो मिक्सर त्यांच्या बेडरूममध्येही लागतो. रात्री ११ ते सकाळी ७ ही कायद्याने रात्र. कुकरच्या शिट्ट्यांवरून मला कधी कोणी काही म्हटलं नाही. पण बाबा आले होते तेव्हा रविवारी सकाळी सहाला गार्डनमध्ये उभं राहून काकांशी फोनवर बोलायचे, तिकडे साडेदहा वाजलेले असतात ना, आणि बाबांच्या पिढीला फोनवर बोलायचं म्हणजे अकोल्यापर्यंत आवाज स्वतःच पोचवायचा असतो. उन्हाळ्यात इथे एसी नाही, सगळ्यांच्या खिडक्या उघड्या. तिसऱ्या रविवारी शेजारच्या आजी कुंपणावरून म्हणाल्या, "तुमचे वडील फारच लवकर उठतात हो, किती छान." मला दोन दिवसांनी कळलं की ती तक्रार होती.

ही भाषा शिकावीच लागते. "आय वॉज जस्ट वंडरिंग" असं वाक्य सुरू झालं की समजा काम सांगितलंय. "अ बिट नॉइझी" म्हणजे झोप झालेली नाही. "यू मस्ट कम राउंड समटाइम" हे आमंत्रण नाही, तारीख आणि वेळ सांगितली तर आमंत्रण. "यू ऑलराइट?" ला तब्येत सांगत बसायचं नाही, "या, यू?" म्हणायचं आणि चालत राहायचं, मी पहिल्या महिन्यात सर्दीचं सांगितलं होतं एकाला, बिचारा गाडीचं दार उघडून उभा राहिला. उलट तुम्हाला काही सांगायचं असेल तर तुम्हीही असंच वळसा घालून सांगा, थेट सांगितलंत तर ते भांडण समजतात. आणि बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू. २१ नंबरच्या बसमध्ये कॉलेजची पोरंसुद्धा म्हणतात.

पार्किंगवरून मात्र गल्लीत खरं राजकारण होतं. पर्मिटचा रस्ता नसेल तर रस्त्यावरची जागा कोणाच्याच मालकीची नाही, कायद्याने कुठेही लावा, पण प्रत्येकाच्या मनात स्वतःच्या घरासमोरची जागा स्वतःची असते. ड्रॉप्ड कर्ब, म्हणजे जिथे फुटपाथ गाडी आत घ्यायला उतरता केलाय, तिथे पाच मिनिटंही नाही लावायची. घरी गणपतीला पाहुणे येणार असतील तर आधी दोन्ही बाजूच्या घरी सांगा, चिठ्ठी टाकली तरी चालते. आम्ही एकदा सांगितलं नाही तर काचेवर चिठ्ठी आली, इतक्या गोड भाषेत की मी ती आधी आभाराची समजले.

स्वयंपाकाचं. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म असावाच लागतो आणि त्याला मिरचीची फोडणी अजिबात सोसत नाही. किचनचं दार बंद, एक्झॉस्ट आधी चालू, खिडकी उघडी, मग तेल तापवा. तरी वाजला तर टॉवेलने वारा घाला, पण बॅटरी काढून ठेवू नका, आमच्या ओळखीत दोघांनी काढलीय आणि दोघेही वरून मलाच शहाणपण शिकवतात. कोट हॉलमध्ये टांगायचे नाहीत, वरच्या खोलीत दार लावून ठेवायचे, नाहीतर ऑफिसात तुमच्याआधी लसूण पोचतो. थंडीत कपडे घरात वाळवायला लागतात, तेव्हा रोज दहा मिनिटं खिडकी उघडा कितीही गारठा असला तरी, नाहीतर फेब्रुवारीत कपाटामागे काळी बुरशी येणार आणि मग बुरशी कोणामुळे आली यावरून लँडलॉर्डशी ईमेलींचा खेळ.

रविवारी मोठी सुपरमार्केटं फक्त सहा तास उघडी असतात, १९९४ चा कायदा आहे, त्यामुळे पाहुण्यांसाठी पनीर आणायचं असेल तर दुपारी चारच्या आत. छोटी दुकानं उशिरापर्यंत असतात. नाताळच्या दिवशी मोठी दुकानं बंद, ट्रेन नाहीत, बसही जवळजवळ नाहीत, दूध दोन दिवसांचं आणून ठेवा.

ऑक्टोबर ३१ ला हॅलोवीन. दारात भोपळा ठेवला की पोरं येतात, नाही ठेवला तर बहुतेक येत नाहीत, हा सरळ व्यवहार मला फार आवडतो. चॉकलेटं जास्तीची आणा. आणि दिवाळी आसपासच असते. दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत फटाके उडवायला कायद्याने परवानगी आहे (५ नोव्हेंबरला १२ पर्यंत, बाकी वर्षभर साधारण ११), पण स्वतःच्या गार्डनमध्येच, रस्त्यावर उडवणं गुन्हा. लवंगी, सुतळी बॉम्ब विसरा, नुसते आवाजाचे फटाके इथे १९९७ पासून विकायला बंद आहेत. आणि एक वाजेपर्यंत परवानगी आहे म्हणून एक वाजेपर्यंत उडवू नका हो, कुत्री पलंगाखाली जाऊन बसतात. आम्ही आठवडाभर आधी चिठ्ठी टाकतो, तारीख, वेळ साडेसात ते साडेआठ. रांगोळी बाहेर ड्राइव्हवर, म्हणजे घरासमोर गाडी लावतो तिथे, काढायची हौस असेल तर जरूर काढा, आमची पहिली एका रात्रीच्या पावसात गुलाबी ओघळ होऊन गटारात गेली, आता पोर्चमध्ये काढते.

हिवाळ्याबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो. नोकरी करणाऱ्याला तितकं जाणवत नाही, पण जो घरी असतो, नुकतीच आलेली बायको, लहान बाळाची आई, सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा, त्यांना ही शांतता खायला उठते. मोबाईलवर मालिका लावून ती जात नाही, मी करून बघितलंय. रोज उजेडात एकदा बाहेर पडायचंच, आमच्याकडे मेडन अर्ली तळ्याला फेरी आहे, बदकं आहेत, कुत्रा फिरवणारे थांबून बोलतात (कुत्र्याचं नाव विचारा, माणसाचं नंतर). लायब्ररीत लहान मुलांच्या गाण्यांचा तास असतो, तिथे माझ्या पहिल्या दोन मैत्रिणी झाल्या, एक पोलिश आणि एक आपली सोलापूरची. आणि महिन्यातून एकदा तरी मराठी कानावर पडायची सोय करा, लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला त्यांची स्वतःची वास्तू आहे, पण जवळपासचा ग्रुप शोधलात तर रात्री परत यायचं टेन्शन नाही.

शेजाऱ्यांशी ओळख कशी करायची हे सगळे विचारतात. नवीन आलेल्यानेच बेल वाजवायची, शनिवारी अकराच्या सुमारास, दोन मिनिटं उभ्या उभ्या, आत बोलावतील अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांचं पार्सल ठेवून घ्या, ओळख वाढवायला इथे त्याहून सोपा मार्ग नाही. फराळ द्या पण थोडा, आणि त्यात शेंगदाणे, काजू काय आहे ते कागदावर लिहून.

आईने पहिल्या दिवाळीला शेजारच्या आजींना स्टीलचा डबा भरून चकल्या आणि शंकरपाळ्या दिल्या. चार दिवसांनी डबा दारात, लखलखीत घासलेला, रिकामा, वर थँक यू कार्ड. आईचा चेहरा पडला. रिकामा डबा कोणी परत करतं का? मी तिला समजावलं की इथे कार्ड म्हणजेच परतफेड, ती काही मानली नाही. पुढच्या जूनमध्ये कुंपणावरून बोलताना मी आजींना सहज सांगितलं, आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. त्या "ओह" म्हणाल्या आणि विषय पावसावर गेला. ऑगस्टात त्यांच्या वेलाच्या शेंगा आल्या, प्लॅस्टिकच्या टबमध्ये भरून, आईने खोबरं घालून भाजी केली, त्याच टबमध्ये थोडी परत पाठवली, मग सफरचंदं आली, मग आपले लाडू गेले. स्टीलचा डबा सध्या त्यांच्याकडेच आहे.