मुठा ओळखायचा तर आधी उलटा करा

पहिला मोठा पाऊस झाला की ठाण्याच्या बाजारात पाड्यांवरच्या बायका टोपलीत मुठे घेऊन बसतात. गोड्या पाण्यातला खेकडा ओळखायला शिकायचं तर इथूनच सुरुवात करा. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही. चार मोठे मुठे घ्या आणि कुठल्या ओढ्याचे, कुठल्या शेतातले ते मावशींना विचारून तिथल्या तिथे लिहून ठेवा. ठिकाण माहीत नसलेला मुठा फक्त कालवणाच्या कामाचा.

रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरी आधी सांगून ठेवा, नाहीतर सकाळी बोलणी खाल.

टोपलीत कोळंबी आली असेल तर ते काम सोपं. पायांची दुसरी जोडी लांबलचक नांगीची असेल तर मॅक्रोब्रॅकियम नावाची कोळंबी. जेमतेम बोटाच्या पेराएवढी आणि नांग्यांच्या टोकाला केसांचे झुपके असतील तर कॅरिडिना. पुढच्या तिन्ही जोड्यांना नांग्या आणि त्यातली पहिली जाडजूड असेल तर तो क्रेफिश, म्हणजे लॉबस्टरचा गोड्या पाण्यातला भाऊबंद, पण तो मत्स्यालयाच्या दुकानातलाच असणार. भारतात मूळचा क्रेफिश नाही. कंटाळा आला म्हणून तो मासुंदा तलावात सोडणाऱ्यांना हात जोडून विनंती: सोडू नका.

आता मुठा. लोक रंगावर जातात. ‘जांभळा होता, म्हणजे वेगळी जात.’ एकाच जातीत, वयानुसार आणि कात टाकल्यावर रंग बदलतो, शिवाय नमुना जपायच्या अल्कोहोलमध्ये तो उडूनच जातो. फोटो जरूर काढा, पण निर्णय पोटाकडून घ्या.

मुठा उलटा केला की पोटाखाली दुमडलेली शेपटी दिसते. नराची अरुंद, उलट्या ‘टी’सारखी, पूर्ण वाढलेल्या मादीची रुंद, जवळजवळ सगळं पोट झाकणारी. इथेच मी दोन पावसाळे फसलो. कोवळ्या मादीची शेपटीही अरुंदच असते. तिला नर समजून मी जो अवयव शोधत बसायचो तो तिला नव्हताच. म्हणून शेपटीच्या आकारावर थांबू नका, ती उचलून खाली बघा. मादीला पिसांसारख्या उपांगांच्या चार जोड्या असतात, अंडी त्यांनाच चिकटतात. नराला दोनच जोड्या. त्यातली पुढची, काट्यासारखी जोडी म्हणजे जातीची खूण. तिचं टोक सरळ आहे की बाहेर वळलेलं, शेवटचा तुकडा किती लांब, यावर जात ठरते. नर पूर्ण वाढलेला हवा, पिल्लाचं टोक अर्धवट असतं.

बोटांनी ओढू नका. मी ओढलं, टोक मोडलं आणि अख्खा नमुना वाया गेला. मऊ ब्रशने चिखल झाडा, शेपटी टूथपिकने उघडी धरा, बारीक चिमट्याने डावीकडचा काटा मुळापासून सोडवा. भिंगाखाली, मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून, दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. पाठीच्या कवचाची रुंदी व्हर्नियरने मोजा.

एवढी खटपट का? या खेकड्यांना समुद्रातल्यासारख्या तरंगत्या अळ्या नसतात. अंड्यातून थेट चिमुकला खेकडा बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या शेपटीखालीच राहतो. त्यामुळे तो फार लांब जात नाही आणि शेजारशेजारच्या डोंगरांवर वेगळ्या जाती घडतात. सह्याद्रीतल्या घाटियाना या प्रजातीला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, जीनसला) नाव मिळालं ते 2014 मध्ये, आणि 2016 मध्ये एकाच शोधनिबंधात पश्चिम घाटातल्या पाच नव्या जाती आल्या.

नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनए काढायचा तर एक पाय वेगळा, 95 टक्क्यांत. फॉर्मेलिन नको, डीएनए खराब होतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, शाई अल्कोहोलमध्ये पसरते.

तरी जात जुळेना, तर फोटो आणि मापं पुण्याच्या आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राकडे पाठवा. पत्रात ‘नवी जात सापडली’ असं लिहू नका. ठिकाण, तारीख, रुंदी आणि काट्याचे फोटो पाठवा.