स्मृतीसाठी पाचशे किलोमीटर, शेवट सतोपंथला: या चुका टाळा

गेलेल्या माणसाच्या नावाने ठरावीक किलोमीटर चालायचे आणि शेवटचा टप्पा हिमालयातल्या एखाद्या तळ्याशी पूर्ण करायचा, असा संकल्प करणाऱ्यांच्या मनात सतोपंथ ताल येणं साहजिक आहे. बद्रीनाथच्या ब्रह्मकपालावर पितरांसाठी पिंडदान होतं, आणि तिथून वर जाणारी वाट पांडवांच्या स्वर्गारोहणाची मानली जाते. तळं त्रिकोणी आहे. एकादशीला ब्रह्मा, विष्णू, महेश त्याच्या तीन कोपऱ्यांवर स्नानाला येतात अशी श्रद्धा आहे. मात्र उंची साधारण ४,६०० मीटर, माणा गावाच्या पुढे मुक्कामाची पक्की सोय नाही आणि शेवटचा भाग हिमनदीने आणून टाकलेल्या सुट्या दगडांवरून जातो. या संकल्पात होणाऱ्या चुका नेहमीच्या ट्रेकपेक्षा वेगळ्या असतात, कारण इथे माघार घेणं मनाला फार जड जातं.

शेवटचा किलोमीटर तळ्यावरच ठेवणं

सगळ्यात धोक्याची चूक ही, आणि ती घरी वहीत हिशोब मांडतानाच होते. ५०० किमीचा संकल्प असेल तर लोक ४७५ घरी चालतात आणि उरलेले २५ बद्रीनाथ ते सतोपंथ यांवर ठेवतात. मग तळ्याआधीच्या चक्रतीर्थ या मुक्कामावर डोकं ठणकू लागलं किंवा बर्फ पडू लागला, की परत फिरणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं असं वाटतं आणि माणूस पुढे जातो. शिवाय हे अंतर २२ किमी सांगणारेही आहेत आणि २५ सांगणारेही. तेव्हा आकडा अगदी काठावर जुळवायला गेलात तर तो जुळणारच नाही.

हिशोब असा मांडा: ४८० किमी घरी पूर्ण करा. उरलेले २० बद्रीनाथ ते लक्ष्मीवन आणि परत एवढ्यात होतात. लक्ष्मीवनाची उंची साधारण ३,७०० मीटर, तिथपर्यंतची वाट त्यामानाने सोपी. म्हणजे हवामान बिघडून लक्ष्मीवनातूनच परतावं लागलं तरी संकल्प पुरा झालेला असतो. तळं गाठलं तर ते दर्शन, त्याच्यावर आकड्याचं ओझं नको. संकल्प जाहीर करतानाच वाक्य नीट लिहा. ‘५०० किमी चालणार’ एवढंच म्हणा, ‘सतोपंथला पोहोचणार’ असं म्हणू नका.

सगळे किलोमीटर सपाटीवर चालणं

४८० किमी २४ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला २० किमी येतात. बागेतल्या ट्रॅकवर ते आरामात होतात आणि तिथेच फसगत होते. सपाटीवर मांडीच्या पुढच्या स्नायूंना उतरणीचा भार पेलायची सवय लागत नाही, म्हणून वर चढताना ठीक वाटतं आणि उतरताना गुडघे धरतात. आठवड्यातला एक दिवस चढउताराचाच ठेवा. पुण्याजवळ असाल तर आतकरवाडीहून सिंहगड, सुमारे ६०० मीटर चढ. शेवटच्या दोन महिन्यांत पंधरवड्यातून एकदा बारीहून कळसूबाई, पाठीवर ८ ते १० किलोची सॅक घेऊन. कळसूबाई १,६४६ मीटर, त्यामुळे पाय तयार होतात, पण विरळ हवेची तयारी सह्याद्रीत होत नाही. ती फक्त वर जाऊन, थांबून होते.

नवे बूट थेट तिकडे नेऊ नका. घोट्याला आधार देणारे, ताठ तळव्याचे बूट घ्या आणि ८०–१०० किमी त्यांतच चाला. पुढचं बोट उतरताना बुटाला टेकत असेल तर नखं जातील, अर्धा नंबर मोठा घ्या.

ऋषिकेशहून धावतपळत वर

ऋषिकेश ते बद्रीनाथ सुमारे ३०० किमी. एका दिवसात गाडी नेणारे चालक मिळतात, पण ३५० मीटरवरून थेट ३,१०० मीटरवर झोपायला जाणं हे दुखण्याला आमंत्रण आहे. पहिली रात्र जोशीमठला (आता ज्योतिर्मठ), साधारण १,९०० मीटरवर. पुढच्या दोन रात्री बद्रीनाथला, मधल्या दिवशी माणा आणि जमल्यास वसुधारा धबधब्यापर्यंत चालून परत. मग लक्ष्मीवन, मग चक्रतीर्थ (सुमारे ४,२०० मीटर). तिसऱ्या दिवशी पहाटे निघून तळं बघायचं आणि झोपायला पुन्हा चक्रतीर्थालाच यायचं. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा नियम या आखणीत जवळपास पाळला जातो; बद्रीनाथ ते लक्ष्मीवन ही वाढ मात्र ६०० मीटरच्या आसपास आहे, म्हणून आधी बद्रीनाथच्या दोन रात्री चुकवू नका. तळ्याकाठी मुक्कामाचा हट्ट धरू नका. एक जादा दिवस राखीव ठेवा. परतीचं तिकीट बद्रीनाथला उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं काढलं की राखीव दिवसाला अर्थ उरत नाही.

४,६०० मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्केच ऑक्सिजन मिळतो. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं यांतलं काही जाणवलं तर त्या दिवशी वर चढायचं नाही. विश्रांतीने कमी झालं नाही तर खाली. बसल्या जागी धाप, सततचा खोकला, किंवा टाचेला बोट लावून सरळ रेषेत दहा पावलं चालताना तोल जाणं ही लक्षणं दिसली तर रात्र असली तरी उतरायचं, निदान ३०० ते १,००० मीटर. स्मृतियात्रेत लोक लक्षणं लपवतात, आपल्यामुळे सगळ्यांचा संकल्प अडेल म्हणून. म्हणून ‘बरं आहे ना?’ असं विचारू नका. रोज संध्याकाळी प्रत्येकाला वेगवेगळं विचारा: डोकं दुखतंय का, जेवण किती गेलं, लघवीचा रंग कसा आहे. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर डॉक्टरांशी बोलून, निघण्याआधी. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ते आवर्जून सांगा.

उपास आणि स्नान

तिथीला किंवा एकादशीला चालायचं आणि उपासही करायचा, हे अनेकांच्या मनात असतं. निर्जळी उपास करून चक्रतीर्थाच्या पुढे पाऊल टाकू नका. उपास मोडायचा नसेल तर राजगिऱ्याची चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, खजूर, उकडलेले बटाटे हे सगळं चालतं आणि ताकदही देतं. दिवसाला ३ ते ४ लिटर पाणी, त्यात मीठ-साखर.

तळ्यात उडी मारणं ही दुसरी चूक. बर्फगार पाण्यात पहिल्या दोन-तीन मिनिटांत श्वास अनावर होतो, आणि थकलेल्या शरीराला नंतर ऊब धरता येत नाही. काठावर तांब्याने पाणी अंगावर घ्या, तेही दुपारच्या वाऱ्याआधी, कोरडे कपडे आणि गरम पेय हाताशी ठेवून. साबण नाही, कपडे धुणं नाही.

फोटोची लॅमिनेट केलेली प्रत, प्लॅस्टिकच्या पिशवीतले हार, नावाची पाटी हे तिथे ठेवून येऊ नका. इतक्या थंडीत फुलंही लवकर कुजत नाहीत. फोटो न्या, समोर ठेवून नमस्कार करा, परत आणा.

तिथीचा घोळ

मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपली कार्तिक वद्य एकादशी तिकडच्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण एकादशी असते. शुक्ल पक्षात अडचण नाही. वद्य पक्षातली तिथी ब्रह्मकपालावरच्या पुरोहितांना सांगताना नुसता महिना सांगितला तर गणित एका महिन्याने चुकतं. इंग्रजी तारीख बरोबर ठेवा. पितृपक्षात बद्रीनाथला गर्दी असते, खोली आधीच धरा. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींमुळे रस्ता बंद पडतो, मे महिन्यात वर बर्फ फार. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात बरा.

परवानगी जोशीमठला निघते आणि कामाच्या दिवशीच निघते, रविवारी पोहोचलात तर एक दिवस गेला. चारधाम यात्रेची नोंदणी वेगळी, ती घरूनच करा. वाटाड्या माणाचा किंवा बद्रीनाथचा घ्या. लक्ष्मीवन आणि चक्रतीर्थ यांच्यामधल्या सहस्रधारेच्या पुढे दगडांच्या राशी दर वर्षी सरकतात, त्यामुळे मोबाइलमधली जुनी वाट तिथे खरी धरता येत नाही.

किलोमीटर कमी का भरतात, जास्त का भरतात

• अ‍ॅपमध्ये अंतर कमी दिसतंय: ऑटो-पॉज चालू असेल. चढावर वेग ताशी १ किमीच्या आसपास येतो आणि अ‍ॅप तुम्ही थांबलात असं धरतं. ते बंद करा.

• घड्याळात जास्त दिसतंय: जीपीएस बंद आहे आणि अंतर पावलांवरून मोजलं जातंय. सपाटीवरचं ७० सेंटिमीटरचं पाऊल दगडांवर ४०–५० वर येतं, आकडा मात्र ७०चाच धरला जातो.

• मुक्कामावर बसल्या बसल्या अंतर वाढतंय: उंच कड्यांमध्ये जीपीएस भरकटतो. पोहोचल्याबरोबर नोंद थांबवा.

• बॅटरी पहाटे संपलेली: थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता घटते. फोन आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, दिवसा फ्लाइट मोडवर ठेवा. जीपीएस त्यातही चालतो. आणि रोजचा आकडा वहीत पेन्सिलीने लिहा.

गटाचा संकल्प असेल तर दहा जण ५ किमी चालले म्हणजे ५ की ५०, हे पहिल्या दिवशी ठरवा. चाललेल्या अंतरावर एखाद्या संस्थेसाठी देणग्या मिळवत असाल आणि अमेरिकेतले नातेवाईक मैलांत देणगी कबूल करत असतील तर १०० मैल म्हणजे १६०.९ किमी, हे लेखी ठेवा.

देणग्या स्वतःच्या खात्यात गोळा करू नका. एकरकमी भरल्यावर पावती तुमच्या नावाची येते आणि बाकीच्यांना प्राप्तिकराची सवलत मागता येत नाही. प्रत्येकाने परस्पर संस्थेच्या खात्यात भरावं आणि पावती स्वतःच्या नावाने घ्यावी. रोखीत २,००० रुपयांच्या वरच्या देणगीला सवलत नाही. लक्ष्मीवनाहून परतताना पाचशेवा किलोमीटर भरला की त्याच संध्याकाळी बद्रीनाथहून देणगीदारांना कळवा, सोबत वहीच्या पानाचा फोटो. तळ्यावर जाऊन आलात का, हा त्या हिशोबाचा भाग नाही.